गोल पटाशीला घरच्या घरी धार लावताना

परभणीच्या आमच्या दुकानातून नक्षीकामासाठी गोल पटाशी नेणारे बरेच ग्राहक काही महिन्यांनी एकच तक्रार घेऊन येतात: पटाशी कापत नाही, लाकूड ओरबाडते. हातात घेऊन पाहिले की कारणही बहुधा एकच निघते. पाठ, म्हणजे पात्याची बाहेरची फुगीर बाजू, भरपूर घासलेली असते, पण पोटाला, म्हणजे आतल्या खोलगट बाजूला, दगड लागलेलाच नसतो. पाठ आणि पोट जिथे मिळतात तिथेच धार असते. त्यामुळे एक बाजू खरखरीत राहिली तर दुसरीवर घेतलेली मेहनत वाया जाते.

सपाट पटाशी दगडावर सरळ ढकलली तरी चालते. गोल पटाशी तशी ढकलली तर पाठीवर मधोमध सपाट पट्टा पडतो आणि कोपरे बोथटच राहतात. म्हणून ती दगडावर आडवी धरा, उतार, म्हणजे पाठीवरचा धारेकडे तिरका होत गेलेला भाग, दगडाला नीट टेकू द्या आणि बाजूला सरकवता सरकवता मनगट वळवत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न्या. कोपऱ्याशी पोचलात की थांबा. त्यापुढे वळवले तर कोपरे झिजून पात्याचे तोंड गोल होते, आणि ते पुन्हा सरळ करायला फार पोलाद घालवावे लागते. उताराचा कोन 20 ते 25 अंश ठेवा. मऊ लाकडाला 20 चालतो, बाभळीसारख्या कठीण लाकडाला 25 हवा. हात नवा असेल तर उतारावर काळा मार्कर फिरवा आणि दोनदा घासून पाहा. जिथे काळे उरले तिथे दगड लागत नाही, एवढे साधे आहे.

दगड नसला तरी अडत नाही. जाड काचेवर वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा घासकागद, पाणी लावून चिकटवा. आधी 400, मग 1000, शेवटी 2000 नंबर. घासता घासता पोलादाची अगदी बारीक कड पोटाकडे वळते. आतून बोट बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवले की ती लागते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सलग लागली तरच पुढच्या नंबरावर जा.

आता पोट. पात्याच्या वळणापेक्षा किंचित बारीक अशी गोल काठी घ्या, तिच्यावर 1000 आणि मग 2000 नंबरचा कागद गुंडाळा आणि पोटाला पूर्ण टेकवून धारेकडून मुठीकडे नव्हे, तर मुठीकडून धारेकडे ओढा. काठी उचलू नका. उचलली की आतून नकळत दुसरा उतार पडतो. शेवटी लाकडाच्या फळीवर चिकटवलेल्या कातड्यावर हिरवा पॉलिश साबण घासून पाठ ओढा, आणि कातड्याची घडी करून पोट. कातड्यावर पाते नेहमी मागे ओढायचे, पुढे ढकलले तर कातडे कापले जाते.

तेलाच्या दगडावर करडईचे किंवा जवसाचे तेल कृपया वापरू नका. आपल्याकडे ते घरोघरी हाताशी असते, पण ही तेले हवेत सुकून चिकट थर धरतात आणि दगडाची छिद्रे बुजतात. शिलाई मशीनचे पातळ तेल घ्या.

ग्राइंडरबद्दल आम्ही ठाम आहोत: धारेसाठी नको. पात्याचे टोक पातळ असल्याने क्षणात तापते. ते निळे पडले, म्हणजे साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की पोलादाचे पाणी उतरते आणि तेवढा भाग मऊ होतो. मग कितीही घासा, धार टिकत नाही. गाडीच्या कमानपट्ट्यापासून लोहाराने घडवलेल्या पटाशीलाही हेच लागू आहे.

धार पाहायला अंगठा नको. देवदाराच्या खोक्याची फळी घ्या आणि रेषांना आडवा काप मारा. काप चकचकीत निघाला तर काम झाले. कापात पांढरी रेघ उमटली तर धारेला तिथे बारीक दात पडला आहे.

किनवटकडच्या सागावर काम करणाऱ्यांनी कातडे जवळच ठेवावे. सागात वाळूतलाच घटक, सिलिका, असतो आणि तो धार लवकर खातो. दर अर्ध्या तासाने चार-पाच वेळा कातड्यावर ओढलेत तर दगडाकडे जायची वेळ क्वचितच येते.

पात्याचा तुकडा उडाला असेल, किंवा उतार पोटाच्या बाजूने असलेली पटाशी असेल, तर ती दुकानात आणा. कोणत्या लाकडावर चालवता तेही सांगा. कोन त्यावरच ठरतो.