दहा मीटरचा पास आणि बारा वर्षांची मुलं

शालेय फुटबॉल स्पर्धांचा मोसम आला की मैदानाच्या कडेला एक वाद हमखास रंगतो. मुलांचा संघ तीन गोलांनी मागे असतो आणि कुणी पालक किंवा क्रीडाशिक्षक सांगत असतात, ‘फॉर्मेशन चुकलं, ४-३-३ लावायला हवं होतं.’ दुसऱ्यांना ४-४-२ हवं असतं. टीव्हीवर दिसणारी रचना उचलून बारा वर्षांच्या मुलांच्या मैदानावर ठेवली की ती तशीच चालेल, असं दोघांनीही धरलेलं असतं. ती तशी चालत नाही. मुलांना समज नाही किंवा शिस्त नाही, असं त्यावर म्हटलं जातं. खरं कारण बरंचसं चेंडू आणि गवत यांच्यातल्या घर्षणात आहे.

फॉर्मेशनचे आकडे गोलरक्षकाला सोडून, आपल्या गोलपासून पुढे वाचायचे असतात: बचावफळी, मधली फळी, आघाडीची फळी. पण किती खेळाडू कुठे, एवढंच हे आकडे सांगतात. दोन खेळाडूंमध्ये अंतर किती, हे सांगत नाहीत आणि सगळी मेख तिथेच आहे. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळ स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडचे बहुतेक सगळे खेळाडू आघाडीवर होते, कारण चेंडू पायाशी ठेवून एकट्याने घुसायचं हीच त्यांची रीत होती. स्कॉटलंडने मागे थोडे जास्त खेळाडू ठेवले आणि एकमेकांना पास देत खेळ केला. सामना ०-० सुटला. १९२५ मध्ये ऑफसाइडचा, म्हणजे पुढे उभ्या खेळाडूला पास कधी घेता येतो याचा, नियम बदलला. आधी आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असणं गरजेचं होतं, आता दोन पुरेसे झाले. आघाडीपटूंना मोकळीक मिळाली, त्यामुळे मधल्या फळीतला एक खेळाडू मागे आला आणि तीन जणांची बचावफळी रुळली. प्रत्येक वेळी आधी पासचं गणित बदललं, मग रचना बदलली.

तेव्हा मुलांच्या पासचं गणित काय, ते पाहू.

बारा वर्षांचा मुलगा पायाच्या आतल्या बाजूने, नेम धरून जमिनीलगत पास देतो. सुरुवातीचा वेग सेकंदाला १० मीटर धरू. पाय लागला त्या क्षणी चेंडू गोल फिरत नसतो, तो गवतावरून नुसता घसरत असतो. घर्षण त्याला मागे ओढतं आणि त्याच वेळी त्याला फिरवायला लागतं. वेग कमी होत जातो, फिरकी वाढत जाते आणि एका क्षणी दोघांचा मेळ बसतो. तिथून पुढे चेंडू न घसरता लोळायला लागतो. त्या क्षणी त्याचा वेग किती उरलेला असतो?

उत्तर कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेतून, म्हणजे बाहेरून पीळ बसला नाही तर फिरण्याचा जोर तेवढाच राहतो या नियमातून, निघतं. चेंडू जमिनीला टेकतो त्या बिंदूभोवती हिशेब मांडला, तर घर्षणाचं बल त्याच बिंदूतून जातं, त्यामुळे त्याचा परिणाम शून्य येतो. म्हणून लोळतानाचा वेग = सुरुवातीचा वेग ÷ (१ + क). इथे ‘क’ म्हणजे वस्तू फिरवायला किती जड आहे, याचा आकडा. भरीव गोळ्यासाठी तो २/५ असतो, पातळ पोकळ गोळ्यासाठी २/३. बिलियर्डचा भरीव चेंडू लोळायला लागताना ७१ टक्के वेग राखतो. फुटबॉलचं जवळजवळ सगळं वजन त्याच्या कवचात असतं, त्यामुळे त्याच्याकडे फक्त ६० टक्के उरतो. १० मीटरचे ६ मीटर!

या सूत्रात घर्षणाचा गुणांक कुठेच नाही, हे त्याचं सौंदर्य. गवत ओलं असो की कोरडं, न फिरणारा चेंडू लोळायला लागेपर्यंत ४० टक्के वेग गमावतोच. निसरड्या गवतावर हे घडायला जास्त अंतर लागतं, खरखरीत गवतावर कमी, फरक एवढाच. त्यातून सुटायची वाट एकच: चेंडू पायापासूनच पुढे फिरत निघाला पाहिजे. म्हणून पास देताना घोटा घट्ट धरायचा, चेंडूच्या मध्यावर किंवा किंचित वर मारायचं आणि पाय पुढे जाऊ द्यायचा. चेंडूच्या पोटाखाली पाय घातला की तो उलटा फिरतो आणि ४० टक्क्यांहूनही जास्त वेग जातो. मुलांचे बरेच पास अर्ध्या वाटेत ‘मरतात’, ते असे.

आता वेळ काढू. घसरतानाच्या घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर चेंडू साधारण ०.८ सेकंद आणि साडेसहा मीटर घसरतो. त्यानंतर लोळताना तो हळूहळू मंदावतो. किती, याचा अंदाज कृत्रिम मैदानांच्या एका चाचणीतून येतो. १ मीटर उंचीच्या उतारावरून चेंडू सोडतात आणि फिफाच्या वरच्या दर्जासाठी तो सपाटीवर ४ ते ८ मीटर जाऊन थांबावा लागतो. म्हणजे दर सेकंदाला त्याचा वेग साधारण पाऊण ते दीड मीटरने घटतो. आपण १ मीटर धरू. या हिशेबाने १० मीटरच्या पासला १.४ सेकंद लागतात, १५ मीटरला अडीच आणि २० मीटरला ३.८. शेवटी चेंडूचा वेग सेकंदाला ३ मीटर उरलेला असतो. एवढ्या वेगाने मुलं रमतगमत धावतात.

तेवढ्या वेळात प्रतिस्पर्धी कुठवर पोहोचतो? चेंडू सुटलेला कळायला ०.३ सेकंद, मग सेकंदाला ३ मीटर या दराने वाढणारा वेग आणि कमाल वेग ६ मीटर असं धरू. १० मीटरचा पास चालू असताना तो जेमतेम १.९ मीटर सरकतो. १५ मीटरच्या पासला ७ मीटर. २० मीटरच्या पासला १५ मीटर. पासचं अंतर दुप्पट केलं आणि प्रतिस्पर्ध्याचा पल्ला जवळजवळ आठपट झाला. चेंडू मंदावत असतो आणि मुलगा वेग घेत असतो, म्हणून हे असं होतं.

मोठ्या खेळाडूचा पास सेकंदाला १८ मीटरने निघाला, तर तो २० मीटर अंतर १.४ सेकंदांत कापतो. थोडक्यात, टीव्हीवरचा २० मीटरचा पास आणि बारा वर्षांच्या मुलाचा १० मीटरचा पास धोक्याच्या दृष्टीने सारखेच. मोठ्यांची रचना मुलांना लावायची असेल, तर तिच्यातली अंतरं निम्मी करावी लागतात. पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटरचं असतं. इंग्लंडमध्ये १२ वर्षांखालची मुलं नऊ-नऊच्या संघांनी साधारण ७३ बाय ४६ मीटरच्या मैदानावर खेळतात. मैदान ३० टक्क्यांनी आखडलं, पण पासचा सुरक्षित पल्ला ५० टक्क्यांनी. म्हणजे या मैदानावरही मुलांनी कडेपासून कडेपर्यंत पसरून चालत नाही, मग अकरा-अकरांच्या पूर्ण मैदानावर त्यांना उतरवल्यावर काय होत असेल ते उघड आहे. सगळी मुलं चेंडूभोवती मोहोळासारखी गोळा होतात म्हणून त्यांना ओरडा बसतो. दूर उभं राहून चेंडू मिळत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखलेलं असतं. त्यांची चूक फक्त प्रमाणाची असते: १० मीटरवर थांबायचं, ती २ मीटरवर येतात.

आता नऊ जणांच्या संघासाठी दोन लोकप्रिय रचना घेऊ, ३-२-३ आणि ३-३-२. फळीतल्या शेजाऱ्यांमध्ये १६ मीटर आणि दोन फळ्यांमध्ये ८ मीटर अंतर ठेवा. ३-२-३ मध्ये मधले दोघे मागच्या तिघांच्या फटींसमोर येतात. मागच्या खेळाडूपासून मधल्यापर्यंतचं तिरकं अंतर साधारण ११ मीटर, म्हणजे सुरक्षित पल्ल्याच्या आसपास. मधल्या बॅकला (बचावपटूला) असे दोन रस्ते मिळतात, कडेच्या बॅकना एकेक. ३-३-२ मध्ये मधले तिघे मागच्या तिघांच्या बरोबर समोर येतात. सरळ पास ८ मीटरचा आहे, पण तिरका पास जवळजवळ १८ मीटरचा होतो, म्हणजे बाद. प्रत्येक बॅककडे एकच रस्ता उरतो आणि तोही नाकासमोरचा.

एकच रस्ता का वाईट, हे सावलीवरून कळतं. चेंडूवाल्यापासून ४ मीटरवर एक प्रतिस्पर्धी उभा आहे आणि पाय लांबवून तो दोन्ही बाजूंना ७०-७० सेंटिमीटर अडवू शकतो. चेंडूच्या जागी दिवा आहे अशी कल्पना केली, तर या खेळाडूची सावली १० मीटरवर साडेतीन मीटर रुंद पडते. त्या सावलीत उभ्या असलेल्या साथीदाराला पास जात नाही. प्रतिस्पर्धी २ मीटरवर आला की सावली ७ मीटर रुंद होते. एवढ्या जवळ आल्यावर मात्र त्याला चकवून पुढे जाणंही सोपं होतं. म्हणून चेंडू नसलेल्या मुलाला शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे दोन पावलं बाजूला होणं. ‘मोकळा हो’ असं ओरडल्याने मूल पुढे धावतं आणि सावलीतच राहतं. ‘तुला चेंडू दिसतोय का?’ असं विचारलं की ते आपोआप बाजूला सरकतं.

३-२-३ मध्ये खोटही आहे. मधले दोघे एकाच वेळी चेंडूमागे पुढे गेले, की बचावफळीसमोर मोठं मैदान रिकामं पडतं आणि मुलांच्या सामन्यांतले कितीतरी गोल याच पोकळीतून होतात. एक पुढे गेला की दुसऱ्याने मागे राहायचं, हा नियम सरावात पाळला जात नसेल, तर ३-३-२ बरी. तिच्यात मधल्या फळीत तिघे असल्याने चूक पोटात घेतली जाते. शिकण्यासाठी ३-२-३ आणि येत्या रविवारचा सामना वाचवण्यासाठी ३-३-२, असं सरळ म्हणता येईल. बारा वर्षांच्या मुलांसाठी शिकण्याची रचना निवडावी.

वयाबरोबर हिशेब कसा पालटतो, याचं ठळक उदाहरण भारतातच पाहायला मिळालं. २८ ऑक्टोबर २०१७ रोजी कोलकात्यात १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ३१व्या मिनिटाला स्पेन २-० पुढे होता. इंग्लंडने तो सामना ५-२ जिंकला. त्यांचे पहिले दोन गोल उजव्या बॅकने कडेवरून दिलेल्या चेंडूंवर झाले, तिसरा डाव्या कडेवरून आलेल्या चेंडूवर. सोळा-सतरा वर्षांच्या या मुलांच्या पायांत जवळजवळ मोठ्यांइतका जोर होता, म्हणून त्यांना मैदानाची पूर्ण रुंदी वापरता आली. तोच सामना पाहून सहावीतल्या विंगरला (कडेच्या आघाडीपटूला) टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेवर, उभं केलं, तर तो तासभर चेंडूची वाट पाहत राहील.

आपल्या संघाचा सुरक्षित पल्ला मोजायला टेप, स्टॉपवॉच आणि चार मार्कर पुरतात. १०, १२ आणि १५ मीटरवर खूण करा. प्रत्येक मुलाकडून प्रत्येक अंतरावर पाच-पाच पास मारून घ्या, पाय लागल्यापासून साथीदाराने चेंडू थांबवेपर्यंतची वेळ नोंदवा आणि पाचातली मधली घ्या. संघातल्या बहुतेकांना जे अंतर दीड सेकंदात जमतं, ते त्या संघाचं अंतर. सरावात मार्कर तेवढ्यावर लावा आणि चेंडू उजवीकडे असताना डाव्या विंगरला मैदानाच्या मध्यापर्यंत आत येऊ द्या. चेंडू चार नंबरचा हवा: परीघ ६३.५ ते ६६ सेंटिमीटर, वजन ३५० ते ३९० ग्रॅम. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. शाळेच्या कपाटात तोच आहे म्हणून वापरला, तर त्याच पायाने मारलेला पास आणखी हळू जातो.

या मोजणीला एक दुपार लागते. तरीही गोलपोस्टशी लिंबू ठेवणं, ‘लकी’ जर्सी सामन्यांच्या काळात न धुणं किंवा ‘हमखास जिंकून देणारं फॉर्मेशन’ सांगणारे व्हिडिओ पाहणं यावर जास्त वेळ जातो. लिंबाने चेंडूची गती बदलत नाही आणि अंतरं न सांगता नुसते आकडे देणाऱ्या व्हिडिओनेही बदलत नाही. मुलं मात्र हे मनापासून मानतात आणि हरल्यावर पास का अडला हे शोधायचं सोडून नशिबाला दोष देऊन मोकळी होतात. खेळातून विज्ञान शिकवायची एक चांगली संधी तिथे हातची जाते.

मोजलेलं अंतर कायमचं नसतं. आपल्याकडची बरीच मैदानं उन्हाळ्यात टणक मातीची असतात. तिथे चेंडू उड्या मारतो, पण लांब जातो. मुंबई-कोकणात जुलैमध्ये त्याच मैदानावर पाणी साचतं आणि १० मीटरचा पास ६ मीटरवर रुततो. अशा दिवशी नाणेफेकीआधी दोन्ही गोलसमोर आणि मध्यभागी तीन-तीन पास मारून बघावेत आणि फळ्यांमधलं अंतर तेवढं कमी करावं. सगळ्यात जास्त चिखल गोलसमोर असेल, तर गोलरक्षकाने बॅकला जमिनीवरून पास द्यायचा नाही, हेही तेव्हाच ठरवून टाकावं.