‘ए’ की ‘द’? स्पर्शिकेला विचारा

वर्तुळाबाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढता येतात, वर्तुळावरच्या बिंदूतून मात्र एकच. दहावीच्या भूमितीतली ही साधी गोष्ट. पण तीच इंग्रजीत लिहायला घेतली की पहिल्या ठिकाणी ‘ए टँजंट’ लिहावं लागतं आणि दुसऱ्या ठिकाणी ‘द टँजंट’. उपपदांची अदलाबदल झाली तर नुसतं व्याकरण बिघडत नाही, भूमितीच चुकते.

गणिताच्या मजकुरातून इंग्रजी शिकणाऱ्या रशियन विद्यार्थ्यांना ही उपपदं फार छळतात, कारण रशियन भाषेत ती नाहीतच. मराठीतही नाहीत, त्यामुळे त्यांचं दुखणं आपल्याला लगेच कळेल. दोन्ही भाषा हे काम बरंचसं शब्दक्रमावर भागवतात. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हटलं की कुठलंसं पुस्तक. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हटलं की ज्याची चौकशी चालली होती तेच. रशियनमध्येही असंच. इंग्रजी मात्र जवळजवळ प्रत्येक नामापाशी थांबवून विचारते: कुठलंही, की तेच? आणि व्याकरणाची पुस्तकं उत्तरादाखल नियमांची जंत्री हातात ठेवतात. व्होल्गा नदीला ‘द’ लावा, बैकल सरोवराच्या नावाला लावू नका. का? तशी रीत आहे म्हणून.

गणिताच्या मजकुरात ही ‘रीत’ बऱ्याच अंशी बाजूला पडते. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ साली ‘द’चं तर्कशास्त्र मांडलं. त्यांचं म्हणणं असं की एकवचनी नामापुढचा ‘द’ एकदम दोन दावे करतो: अशी वस्तू आहे, आणि ती एकापेक्षा जास्त नाही. अस्तित्व आणि एकमेवता! गणितज्ञ तर याच दोन गोष्टी सिद्ध करण्यात आयुष्य घालवतात. क्ष² − ५क्ष + ६ = ० या समीकरणाची मुळं २ आणि ३. म्हणून २ हे ‘ए रूट’, पण ३ हे ‘द लार्जर रूट’. इथे कान तयार असावा लागत नाही, मोजता आलं की पुरे.

मला सगळ्यात आवडतं ते त्रिज्येचं उदाहरण. केंद्रापासून परिघापर्यंत काढलेला रेषाखंड म्हणून त्रिज्या घेतली तर अशा त्रिज्या अगणित, म्हणून ‘ए रेडियस’. पण त्रिज्या म्हणजे लांबी, समजा ५ सेंमी, असं म्हटलं तर वर्तुळाला ती एकच, म्हणून ‘द रेडियस’. आकृती तीच, शब्द तोच, आणि आपण रेषेबद्दल बोलतोय की संख्येबद्दल हे उपपदावरून कळतं. रशियन आणि मराठी पुस्तकांत हा फरक वाचकाने संदर्भावरून ओळखायचा असतो.

उपपदांनंतरची अडचण ‘इज’ची. रशियनमध्ये वर्तमानकाळात ‘आहे’ सहसा गाळतात. ‘क्ष – सम संख्या’ एवढं म्हटलं की वाक्य झालं. आपल्या ‘समजा’च्या जागी तिकडे ‘पुस्त्’ येतं आणि त्याच्या पुढेही क्रियापद नसतं. इंग्रजीत ‘लेट’ आलं की ‘बी’ हवंच. विद्यार्थी नेमका तिथे, शाळेत घोटलेला नियम आठवून, ‘लेट एफ इज’ लिहितो. पण गणिताच्या पुस्तकात ‘लेट एफ बी’ पानोपानी भेटत असल्याने ही खोड लवकर मोडते.

काही चुका जास्त चिवट असतात. एखादं प्रमेय खरं आहे हे सांगताना रशियन लेखक शब्दशः ‘प्रमेयाला जागा असते’ असं म्हणतात. त्याचं इंग्रजी करताना ‘टेक्स प्लेस’ हाताशी येतं, आणि प्रमेय लग्नासारखं ठरल्या मुहूर्तावर पार पडतं! बरोबर क्रियापद ‘होल्ड्स’. ‘अवलंबून असणे’साठी रशियन शब्दयोगी अव्यय ‘-पासून’ या अर्थाचं, म्हणून ‘डिपेंड्स ऑन’ऐवजी ‘डिपेंड्स फ्रॉम’. आणि ‘आक्तुआल्नी’ म्हणजे सध्या महत्त्वाचा. तो ‘अ‍ॅक्चुअल’सारखा दिसतो म्हणून शोधनिबंधाच्या पहिल्याच ओळीत चुकीचा जाऊन बसतो.

सूत्र मोठ्याने वाचायचं तर वेगळीच गंमत. रशियात लॅटिन अक्षरांची नावं फ्रेंच वळणाची आहेत: एक्सला ‘इक्स’, वायला ‘इग्रेक’, एचला ‘आश’. टॅन तिथे ‘टीजी’ असा लिहितात आणि दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. म्हणजे जे चिन्ह डोळ्यांना पाठ आहे त्याचा उच्चार नव्याने शिकायचा.

तरीही गणिताच्या मजकुरातून सुरुवात करणं सोपं जातं, कारण वाचणाऱ्याला आशय आधीच ठाऊक असतो. वाक्य अडलं तरी खालचं समीकरण समजतं आणि त्यावरून वाक्याचा अर्थ लागतो. शब्दही मोजकेच, पुन्हा पुन्हा येणारे. रशियन विद्यापीठांत तर ‘हजार जमा करणं’ असा विद्यार्थ्यांचा शब्दप्रयोगच आहे: आपल्या विषयाचा परदेशी मजकूर ठरावीक हजार अक्षरं वाचायचा आणि शिक्षकांपुढे बसून त्याचा अर्थ सांगायचा. पीएचडीच्या तोडीच्या ‘कांदिदात’ पदवीच्या परीक्षांमध्येही परदेशी भाषेचा पेपर असतो. अर्थात या वाटेने आलेल्याला भूतकाळाची रूपं फारशी भेटत नाहीत आणि दुकानात काय बोलायचं ते तर अजिबातच नाही.

एके काळी हा प्रवाह उलटाही वाहत होता. १९५७ मध्ये स्पुटनिक हा सोव्हिएत उपग्रह उडाल्यावर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सोव्हिएत गणिताची भाषांतरं जोरात सुरू झाली. मॉस्कोचं ‘मीर’ प्रकाशन स्वतःच इंग्रजी आवृत्त्या काढून भारतात स्वस्तात विकत असे. आपल्याकडे इंजिनियरिंगच्या प्रवेशासाठी घासणाऱ्या कित्येकांनी ती पुस्तकं वापरली आहेत.

आता रशियन गणितज्ञ थेट इंग्रजीत लिहितात. ग्रिगोरी पेरेलमान यांनी पॉइन्कारे अटकळ हा आकारांच्या गणितातला प्रसिद्ध प्रश्न सोडवणारा पहिला निबंध नोव्हेंबर २००२ मध्ये ऑनलाइन टाकला, तो इंग्रजीतच. त्याच्या शीर्षकात ‘द एन्ट्रोपी फॉर्म्युला फॉर द रिची फ्लो’ असे दोन ‘द’ आहेत. (रिची फ्लो म्हणजे आकार हळूहळू बदलत नेण्याची एक गणिती प्रक्रिया.) मार्च २००३ मधल्या दुसऱ्या निबंधाचं शीर्षक मात्र ‘रिची फ्लो विथ सर्जरी’ असं सुरू होतं, आणि त्यात एकही ‘द’ नाही. दोन्ही बरोबर आहेत. रिची फ्लोला ‘द’ लावणारे आणि न लावणारे असे दोन्ही प्रकारचे इंग्रजीभाषक गणितज्ञ सापडतात, आणि इथे मोजून काही ठरत नाही.