बॅले अमेरिकेत रुजला तो असा

'सेरेनेड' सुरू होतो तेव्हा निळसर उजेडात सतरा मुली उभ्या असतात. प्रत्येकीचा उजवा हात वर, तळवा समोर, डोळ्यांवर येणारा उजेड अडवावा तसा. पावलं सरळ, एकमेकांना समांतर. बॅलेशी काही देणंघेणं नसलेली कुणीही बाई उभी राहील तशी. चायकोव्स्कीचं संगीत वाजत असतं, हात हळूहळू खाली येतात आणि मग सगळ्यांची पावलं एकदम, टाचा जुळवून, बाहेरच्या बाजूला उघडतात. ही बॅलेची पहिली स्थिती. कुठल्याही वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात ती. साध्या मुली आपल्या डोळ्यांदेखत नर्तकी होतात.

जॉर्ज बॅलनशीन या रशियन नृत्यरचनाकाराने अमेरिकेत आल्यावर बसवलेला हा पहिला बॅले. साल १९३४. न्यू यॉर्कच्या उत्तरेला व्हाइट प्लेन्स इथे वॉरबर्ग नावाच्या धनाढ्य कुटुंबाची मोठी जागा होती. तिथे उघड्यावर लाकडी मंच बांधून जून महिन्यात त्याचा प्रयोग झाला. पावसाने त्यातही खोडा घातलाच. नाचणाऱ्या सगळ्या विद्यार्थिनी होत्या, पुष्कळशा कच्च्या. बॅलनशीन स्वतः सांगत की, पहिल्या दिवशी वर्गाला सतरा मुली आल्या म्हणून सुरुवात सतरांची. पुढच्या दिवशी कमी आल्या, तर कमी जणींचा भाग बसवला. एक मुलगी उशिरा आली आणि आपली जागा शोधू लागली, ते तसंच ठेवलं. एक पडली आणि रडू लागली, तेही ठेवलं. आज जगभरच्या मोठमोठ्या कंपन्या हा बॅले करतात आणि त्या उशिरा येणाऱ्या मुलीच्या प्रवेशाला प्रेक्षक श्वास रोखून बसतात. मुळात ती फक्त उशिरा आली होती!

अमेरिकी बॅलेची मला आवडणारी जवळपास प्रत्येक गोष्ट अशीच हाताशी जे होतं त्यातून निघालेली आहे. जे नव्हतं त्यातून तर जास्तच.

नव्हतं बरंच काही. फ्रान्स, डेन्मार्क, रशिया इथे बॅले राजदरबाराच्या पैशावर वाढला. नाचणाऱ्यांना लहानपणापासून वसतिगृहात ठेवून शिकवायचं, पुढे पगार, मग निवृत्तिवेतन. अमेरिकेत राजाच नव्हता. तिथे बॅले यायचा तो पाहुणा म्हणून. १८४० साली फॅनी एल्सलर ही ऑस्ट्रियन बॅले नर्तकी आली आणि दोन वर्षं देशभर नाचत फिरली. लोक अक्षरशः वेडे झाले. १८६६ मध्ये न्यू यॉर्कच्या 'निब्लोज गार्डन'मध्ये 'द ब्लॅक क्रूक' नावाचा भपकेबाज खेळ लागला. त्यातल्या युरोपातून आणलेल्या नर्तकींच्या उघड्या दिसणाऱ्या पायांवर धर्मगुरूंनी प्रवचनं झोडली, आणि त्याचा गल्ला आणखी वाढला. १९१० साली रशियन नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हा आली, १९१६ साली दियागिलेव या रशियन बॅले-संयोजकाची मंडळी. सगळे आले, टाळ्या घेतल्या, गेले. मागे वर्ग राहिले, शिक्षक राहिले, पण वर्षानुवर्षं टिकेल अशी शाळा उभी राहिली नाही.

बॅलेची परंपरा नाही म्हणून अमेरिका नाचत नव्हती असं मात्र नाही. ज्याला तिथे 'मॉडर्न डान्स' म्हणतात तो अनवाणी पायांचा नाच तोवर चांगला बाळसं धरून होता, आणि त्याच्या मुळाशी एक गंमतशीर भारतीय धागा आहे. रूथ सेंट डेनिस ही नाटक कंपनीतली नटी. १९०४ साली बफेलो शहरात तिने सिगारेटची जाहिरात पाहिली: देवळाच्या दारात बसलेली इजिप्तची देवी इसिस. तिथून तिच्या डोक्यात 'पूर्व' शिरली ती कायमची. इजिप्तवरून गाडी भारतावर आली आणि १९०६ मध्ये तिने 'राधा' हा नाच केला. संगीत फ्रेंच ऑपेरातलं, राधा देवळातली मूर्ती होऊन बसलेली, नाच पंचेंद्रियांचा. आपल्याकडच्या राधेशी त्याचं नातं नावापुरतंच. तरी ही बाई थिल्लर नव्हती. तिने आणि नवरा टेड शॉनने १९१५ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेनिशॉन' ही शाळा काढली आणि १९२५-२६ मध्ये कंपनी घेऊन आशियाचा दौरा केला. त्यात भारतही होता. शॉनने त्या दौऱ्यातच शिवाच्या तांडवावर एकल नृत्य रचलं.

त्याच सुमारास उलट दिशेनेही वाहतूक चालू होती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकून लंडनला गेलेल्या उदय शंकरांना पाव्हलोव्हाने आपल्या कंपनीत घेतलं, आणि १९२३ मध्ये ते तिच्याबरोबर राधा-कृष्णाच्या नाचात कृष्ण झाले. अमेरिकेच्या दौऱ्यावरही ते गेले.

डेनिशॉनची सर्वांत बंडखोर विद्यार्थिनी मार्था ग्रॅहम. तिला पौर्वात्य झगमगाटाचा कंटाळा आला आणि १९२६ साली तिने स्वतःचा मार्ग धरला. तिच्या तंत्राचा गाभा श्वासात आहे. श्वास सोडताना पोट आत खेचलं जातं, पाठीचा कणा कमानीसारखा वाकतो. श्वास घेताना तो पुन्हा मोकळा होतो. हुंदका देताना किंवा पोट धरून हसताना आपलं शरीर जे करतं त्याचीच शिस्त तिने बांधली. १९३० चं 'लॅमेन्टेशन' पाहावं. बाई एका बाकावर बसलेली, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत चेहरा, हात आणि पावलं सोडून सगळी गुंडाळलेली. जवळजवळ सगळा नाच बसूनच. आतून कोपर, गुडघा दाबला जातो आणि कापडावर ताणाच्या तिरप्या रेघा उमटतात. शोक दाखवणारी बाई दिसत नाही, शोकच दिसतो. बॅले जमिनीपासून सुटू पाहतो. ग्रॅहम जमिनीला धरून राहते. या मंडळींना बॅले म्हणजे युरोपातल्या सरदारांची सडकी करमणूक वाटे, आणि बॅलेवाल्यांना हे लोक घामट आणि बेसूर वाटत.

अशा वातावरणात बॅलनशीन आला. त्याला आणलं लिंकन कर्स्टीनने. हार्वर्डमधून निघालेला, पंचविशीतला, श्रीमंत बापाचा, स्वतः न नाचणारा पण नाचाने झपाटलेला माणूस. जुलै १९३३ मध्ये लंडनहून त्याने हार्टफर्ड इथल्या संग्रहालयाच्या संचालक मित्राला पानंच्या पानं भरून पत्र लिहिलं: हा माणूस आपल्याला मिळतोय, सोडू नका. बॅलनशीन तेव्हा एकोणतीस वर्षांचा. सेंट पीटर्सबर्गच्या शाही शाळेत शिकलेला, १९२४ साली सोव्हिएत रशिया सोडलेला, दियागिलेव वारल्यावर अधांतरी लटकलेला. त्याची अट एकच: कंपनी नंतर, आधी शाळा. २ जानेवारी १९३४ रोजी मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर 'स्कूल ऑफ अमेरिकन बॅले' सुरू झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. कंपन्या पुढे दोन-तीनदा बुडाल्या, शाळा बुडाली नाही.

मधली वर्षं पोटापाण्याची. मेट्रोपॉलिटन ऑपेराशी तीन वर्षं जमलं आणि भांडणात संपलं. बॅलनशीनने ब्रॉडवे, म्हणजे न्यू यॉर्कची व्यावसायिक रंगभूमी, केली, हॉलिवूड केलं. १९४० साली कॅथरीन डनमसारख्या कृष्णवर्णीय नर्तकीबरोबर 'केबिन इन द स्काय' केलं. १९४२ साली सर्कसवाल्यांसाठी त्याने पन्नास हत्ती आणि पन्नास मुलींचा बॅले बसवला, संगीत स्त्राविन्स्की या रशियन संगीतकाराचं, हत्तींना झालरीचे घागरे. हसू येतं खरं, पण ब्रॉडवेवरून तो काय घेऊन आला ते पुढच्या कामात दिसतं: जॅझची लय, तोल मुद्दाम ढळवत एका बाजूला झुकवलेली कंबर, ठोक्याच्या किंचित अलीकडे-पलीकडे पडणारं पाऊल. आज 'अमेरिकी वेग' म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यातला मोठा वाटा कृष्णवर्णीय नर्तकांच्या नाचातून आला आहे. ते श्रेय फार उशिरा आणि जरा हात आखडूनच दिलं गेलं.

कथेच्या अंगाने बॅले अमेरिकी करण्याचं काम दुसऱ्यांनी केलं. १९४२ मध्ये अ‍ॅग्नेस डी मिलने 'रोडिओ' बसवला. कंपनी रशियन बॅलेवाल्यांची, विषय अमेरिकेतल्या गुराख्यांचा, संगीत एरन कोपलंडचं. घोडा नसताना घोड्यावर बसल्यासारखं चालायला त्या नर्तकांना शिकवताना तिच्या नाकी नऊ आले. पहिल्या प्रयोगानंतर पडदा बावीस वेळा उघडावा लागला, आणि त्या जोरावर तिला १९४३ चं 'ओक्लाहोमा!' हे संगीतक मिळालं. पुढच्याच वर्षी जेरोम रॉबिन्सने 'फॅन्सी फ्री' केला: सुट्टीवर उतरलेले तीन खलाशी, एक दारूचा गुत्ता, दोन मुली, संगीत लेनर्ड बर्नस्टाइनचं. रॉबिन्स तेव्हा 'बॅले थिएटर' या १९४० साली रंगमंचावर आलेल्या कंपनीत होता. तिचंच नाव पुढे 'अमेरिकन बॅले थिएटर' झालं. रॉबिन्सच्याच पुढच्या 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीतकातल्या टोळ्या बोटं चुटकावत नाचतात त्याचा उगम याच खलाशांत आहे.

बॅलनशीन मात्र कथेपासून दूरच जात राहिला. भरतनाट्यम् किंवा कथक पाहणाऱ्याला हे समजायला अवघड नाही. तिथे जे नृत्त, म्हणजे कथेवाचूनचा शुद्ध नाच, तेच त्याला पूर्ण रात्रभर करायचं होतं. संगीत हीच गोष्ट. १९४६ च्या 'फोर टेम्परामेंट्स'ला आधी एका चित्रकाराने भरजरी पोशाख केले होते. त्यांत नर्तकांचे हातपायच दिसेनात. १९५१ मध्ये ते टाकून सरावाचे काळे-पांढरे कपडे आणले. तोवर 'न्यू यॉर्क सिटी बॅले' स्थापन होऊन तीन वर्षं झाली होती आणि खिशात फारसं काही नव्हतं, तेव्हा ही काटकसरही असेल. पण त्यातून एक शैली जन्माला आली.

तिचं टोक म्हणजे 'अ‍ॅगॉन'. डिसेंबर १९५७. बारा नर्तक, रिकामा मंच, स्त्राविन्स्कीचं अणकुचीदार संगीत. मध्यभागी एक युगुलनृत्य, डायना अ‍ॅडम्स आणि आर्थर मिचेल यांच्यासाठी रचलेलं. ती दक्षिणेतली गोरी, तो हार्लेम या न्यू यॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीतला काळा. नाचात तो तिचा पाय धरून स्वतः पाठीवर आडवा होतो, ती त्याच्यावर झुकून तोल सांभाळते. हात हातात असे गुंततात की कातडीचे दोन रंग एकमेकांशेजारी आल्यावाचून राहत नाहीत. बॅलनशीनला ते तसंच हवं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आर्कान्सामधल्या लिट्ल रॉक इथे नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोचवायला लष्कर लागलं होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या काही मिनिटांचं धाडस कळतं. कथा नसलेल्या नाचालाही काळ चिकटतोच.

मॉडर्न डान्सच्या घरातही बंड झालं. ग्रॅहमच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या मर्स कनिंगहॅमने १९५१ साली 'सिक्स्टीन डान्सेस' रचलं. विषय आपल्या ओळखीचा: नवरस. त्याचा साथी, संगीतकार जॉन केज, काही वर्षांपूर्वी अहमदाबादच्या गीता साराभाईंकडून भारतीय संगीताचा विचार समजून घेत होता. पण पुढचा उद्योग नाट्यशास्त्रकार भरतमुनींच्या स्वप्नातही आला नसता. रसांचा क्रम ठरवताना कनिंगहॅमने नाणं उडवलं! शांत रस शेवटी, बाकीचं नाण्यावर. क्रोध की हास्य, आधी काय, हे नाणं सांगणार. इथून त्याची यदृच्छेची पद्धत सुरू झाली आणि पुढे नाच व संगीत वेगवेगळे तयार होऊन थेट प्रयोगातच भेटू लागले. १९६४ च्या जगदौऱ्यात त्याची कंपनी भारतातही नाचून गेली. ग्रॅहम तर त्याआधीच, १९५५-५६ मध्ये, अमेरिकी सरकारच्या खर्चाने येऊन गेली होती. शीतयुद्धात नाचालाही कामाला जुंपलं होतं. मला कनिंगहॅम आवडतो, पण एका बैठकीत फार वेळ नाही.

भांडणाऱ्या घरांचा सलोखा हळूहळू झाला. १९५९ मध्ये ग्रॅहम आणि बॅलनशीन यांनी 'एपिसोड्स' हा एकच कार्यक्रम निम्मा-निम्मा वाटून केला. पैशाच्या वाटणीत मात्र सलोखा नव्हता. डिसेंबर १९६३ मध्ये फोर्ड फाउंडेशनने बॅलेसाठी सत्तर लाख डॉलरहून जास्त रक्कम जाहीर केली. त्यातला सिंहाचा वाटा बॅलनशीनच्या शाळेला आणि कंपनीला, मॉडर्नवाल्यांना भोपळा. तो राग रास्त होता. पण त्याच पैशातून शहराशहरांतून बॅलेच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि दर नाताळात 'नटक्रॅकर' हा बॅले लावून त्या वर्षाचा मोठा खर्च भरून काढतात. ती चाल बॅलनशीनच्या १९५४ च्या प्रयोगाने पाडली.

आर्थर मिचेलला ही कथा इथे थांबवायची नव्हती. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली आणि पुढच्या वर्षी त्याने 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' काढलं. तिथल्या मुली बॅलेचे बोटांवर उभं राहण्याचे बूट वापरत, पण ते बूट आणि मोजे कारखान्यातून फिकट गुलाबीच येत. गोरीचा पाय त्यात कमरेपासून अंगठ्यापर्यंत एक सलग रेघ दिसतो. काळ्या मुलीचा घोट्याशी तुटतो. म्हणून सत्तरच्या दशकात हार्लेमच्या मुली आपापल्या कातडीच्या रंगाला जुळवून मोजे रंगवू लागल्या, बुटांवर चेहऱ्याचा मेकअप थापू लागल्या. एक जोडी प्रयोगात तासा-दोन तासांत मऊ पडते, की पुन्हा नवी जोडी आणि पुन्हा तेच रंगकाम. 'अमेरिकन बॅले थिएटर'मध्ये मिस्टी कोपलंड ही पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री प्रमुख नर्तकी व्हायला २०१५ साल उजाडलं. लंडनच्या फ्रीड या जुन्या बूट कंपनीने तपकिरी छटांचे तयार बूट विकायला काढले ते २०१८ मध्ये.