डिस्क मिररिंग करून घेताय? आधी एवढं वाचा

मिररिंग म्हणजे कॉम्प्युटरला दोन डिस्क लावायच्या आणि जे काही सेव्ह होईल ते दोन्हीवर एकदमच लिहिलं जातं, यालाच रेड 1 म्हणतात. एक डिस्क गेली तरी मशीन दुसरीवर चालू राहतं, काम अडत नाही. जागा मात्र एकाच डिस्कची मिळते, 2 टीबीची एक आणि 4 टीबीची एक लावली तरी 2 टीबीच, कारण छोटीचं माप धरलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मिररिंग केलं म्हणून बॅकअप बंद करू नका, प्लीज! चुकून फाईल डिलीट झाली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर दोन्हीकडचा डेटा लॉक होतो, आणि मशीनच चोरीला गेलं तर विषयच संपला. मिररिंग वाचवतं ते फक्त डिस्क खराब होण्यापासून, त्यामुळे बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर वेगळी कॉपी हवीच.

सेटअपच्या आधीपण पूर्ण बॅकअप घ्या आणि त्यातली एखादी फाईल उघडून बघा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून आहे त्या डेटासकट मिरर जोडता येतो, पण विंडोजच्याच स्टोरेज स्पेसेस या दुसऱ्या सोयीत जी डिस्क घ्याल ती पुसली जाते, लिनक्सवर एमडीएडीएम (mdadm) या मिररिंगच्या टूलने नवीन ॲरे, म्हणजे डिस्कची जोडी, बनवतानाही जुना डेटा गेला असंच समजा. लिनक्सवर बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम, दोन्ही डिस्कवर टाकून घ्या, नाहीतर पहिली डिस्क गेल्यावर डेटा शाबूत असतो पण मशीन सुरूच होत नाही.

दोन्ही डिस्क शक्यतो वेगवेगळ्या बॅचच्या घ्या, एकाच बॅचच्या डिस्क कधीकधी मागेपुढे लगेच जातात.

आणि अलर्ट! मिररमधली एक डिस्क गेली तरी सगळं नेहमीसारखंच चालतं, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही आणि मग काही महिन्यांनी दुसरी जाते तेव्हा सगळं संपलेलं असतं. ईमेल अलर्ट चालू करा आणि एक टेस्ट मेल येतो का तेपण बघा. लिनक्सवर मिररची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाईल (/proc/mdstat) उघडली की दोन यू, म्हणजे [UU], दिसले पाहिजेत, एका यूच्या जागी खालची रेघ आली की एक डिस्क बाहेर पडलीये.

अलर्ट आला तर घाईत डिस्क काढू नका, चुकून चांगलीच डिस्क ओढली तर मोठी पंचाईत होते. आम्ही सेटअप करताना दोन्ही डिस्कवर सीरियल नंबरचं लेबल लावतो, स्क्रीनवर जो नंबर खराब दाखवतोय तो लेबलशी जुळवा, आधी बॅकअप घ्या, मगच बदला. नवीन डिस्क निदान तेवढ्याच मापाची हवी. चांगल्या डिस्कवरचा डेटा उतरवून 4 टीबीची नवीन डिस्क भरायला मशीन मोकळं असलं तरी 7-8 तास सहज जातात, काम चालू असेल तर जास्तच, आणि तेवढा वेळ सगळा भार एकाच डिस्कवर असतो, म्हणून हे काम दिवसभराचं काम आटोपल्यावर लावा आणि यूपीएस चालू आहे ना ते बघून घ्या.