रुळांचे वय: रेल्वेच्या अचूक प्रतिकृतींमागील लोहमार्गाचा इतिहास

ब्रिटिश रेल्वेच्या प्रतिकृती करण्याच्या छंदात इंजिने आणि डबे यांच्या अचूकतेकडे सुरुवातीपासून लक्ष दिले गेले. लोहमार्गाच्या वाट्याला ते लक्ष फार उशिरा आले, आणि त्याचे कारण या छंदाच्या जडणघडणीतच आहे. युरोपात रूढ झालेल्या एचओ प्रमाणात एक फूट म्हणजे ३.५ मिलिमीटर आणि रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान असल्यामुळे त्या काळच्या मोटारी या प्रमाणातील सांगाड्यात मावत नव्हत्या. म्हणून सांगाडा एका फुटाला ४ मिलिमीटर या मोठ्या प्रमाणात करण्यात आला, रुळांमधील अंतर मात्र १६.५ मिलिमीटरच ठेवण्यात आले. यालाच ओओ गेज म्हणतात. ४ फूट ८½ इंच हे प्रमाणित अंतर या प्रमाणात १८.८३ मिलिमीटर व्हायला हवे. १६.५ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात ४ फूट १½ इंच, अर्थात पूर्ण सात इंचांची तूट. ती भरून काढण्यासाठी प्रथम १८ आणि पुढे १८.२ मिलिमीटरचे ईएम गेज आले, आणि १९६०च्या दशकात १८.८३ मिलिमीटरचे प्रोटोफोर मानक आले.

रुळांमधील अंतर बरोबर झाल्यावर त्यांच्याखाली काय होते, हा प्रश्न टाळता येईना. कारखान्यात तयार होणाऱ्या लोहमार्गाचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळया, प्रामुख्याने एचओ प्रमाणाला धरून असत. ते ब्रिटिश स्लीपरपेक्षा आखूड आणि एकमेकांच्या फार जवळ दिसत, आणि रूळही प्रमाणाबाहेर उंच असत. कोड १०० म्हणजे एका इंचाचा दहावा भाग उंची. तो प्रत्यक्षात साडेसात इंचांहून उंच रूळ ठरतो, आणि असा रूळ ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर वापरात नव्हता. याउलट विसाव्या शतकातील बुलहेड, म्हणजे वरचा माथा मोठा आणि खालचा लहान असलेला, यार्डाला (तीन फुटांना) ९५ पौंड वजनाचा रूळ सुमारे ५¾ इंच उंच होता आणि कोड ७५ त्याच्याशी नेमका जुळतो. पण हे उत्तर एका कालखंडापुरतेच खरे आहे. १८३५ आणि १९३५ या दोन वर्षांच्या लोहमार्गांत रुळांमधील अंतराशिवाय समान असे फारसे काही नाही.

सुरुवातीच्या मार्गांत कड चाकाला असावी की रुळाला, हाच वाद होता. बेंजामिन आउट्रम यांनी पुरस्कारलेल्या प्लेटवेवर एल आकाराच्या बिडाच्या पट्ट्या टाकत. कड पट्टीला असे आणि गाडीची चाके साधी असत. विल्यम जेसप यांनी १७८९ मध्ये लफबरोजवळच्या मार्गासाठी वापरलेल्या रुळांवर मात्र कडेची चाके धावत, आणि पुढचा सारा इतिहास याच दिशेने गेला. बीड ठिसूळ असल्यामुळे हे रूळ जेमतेम तीन फूट लांबीचे ओतले जात. १८२० मध्ये बेडलिंग्टन लोखंड कारखान्याच्या जॉन बर्किनशॉ यांनी घडीव लोखंडाचे १५ फुटी रूळ लाटण्याचे पेटंट घेतले, आणि वाफेच्या इंजिनाचे वजन पेलणारा मार्ग शक्य झाला. १८२५ च्या स्टॉकटन अँड डार्लिंग्टन रेल्वेवर बहुतांश भागात यार्डाला २८ पौंड वजनाचे असे रूळ होते आणि उरलेल्या भागात बिडाचे. १८३० च्या लिव्हरपूल अँड मँचेस्टर रेल्वेवर हे वजन ३५ पौंडांपर्यंत गेले.

या रुळांची खालची कड माशाच्या पोटासारखी दोन आधारांच्या मध्ये फुगलेली असे. आधार दर तीन फुटांवर, म्हणजे १५ फुटी रुळाला असे पाच फुगवटे. आधारासाठी आडवे स्लीपर नसून दगडाचे स्वतंत्र चौकोनी ठोकळे असत, आणि घोडे गाड्या ओढत असताना त्यांच्या पायवाटेत काही आडवे येऊ नये ही त्यातली मोठी सोय होती. इंजिनांचा भार वाढू लागला तसे ठोकळ्यांचे दोष उघड झाले. प्रत्येक ठोकळा आपापल्या गतीने खचे, दोन्ही रुळांना बांधून ठेवणारे काही नसल्यामुळे त्यांच्यातील अंतर वाढे, आणि दगडाला लवचिकता नसल्याने धक्का थेट चाकाला बसे. लिव्हरपूल अँड मँचेस्टरवर चॅट मॉसच्या दलदलीत आणि नव्या भरावांवर मात्र लाकडी स्लीपर टाकले होते, कारण तेथे जमीन अजून बसायची होती. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय पुढे सर्वत्र नियम बनली. १८३० चा देखावा उभा करणाऱ्याला म्हणूनच एकाच मार्गावर दगड आणि लाकूड दोन्ही दाखवावे लागते, आणि कोठे काय होते हे भूप्रदेशावरून ठरते.

पुढच्या शंभर वर्षांचे ब्रिटिश वैशिष्ट्य म्हणजे चेअरवर, अर्थात स्लीपरला पक्क्या केलेल्या बिडाच्या बैठकीवर, बसवलेला रूळ. ग्रँड जंक्शन रेल्वेचे अभियंते जोसेफ लॉक यांच्या नावाशी जोडला गेलेला दुहेरी माथ्याचा रूळ वर आणि खाली सारखाच असे, म्हणजे वरची बाजू झिजल्यावर उलटून वापरता यावा. प्रत्यक्षात चेअरमध्ये टेकलेली खालची बाजू दाबाने खरवडली जाई आणि उलटलेला रूळ खडखडत असे. म्हणून वरच्या माथ्यात धातू वाढवून खालचा लहान केला गेला, तोच बुलहेड. बिडाची चेअर स्लीपरवर पक्की करायची, तिच्या जबड्यात रूळ ठेवायचा आणि बाहेरच्या बाजूने लाकडी पाचर ठोकायची, ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. एकाच दिशेची वाहतूक असलेल्या मार्गावर रूळ हळूहळू गाड्यांच्या दिशेने सरकतात, म्हणून पाचरी त्याच दिशेने ठोकल्या जात. सरकणाऱ्या रुळाने त्या अधिक घट्ट व्हाव्यात हा त्यामागचा हेतू होता. एकेरी मार्गावर त्या आलटूनपालटून दोन्ही दिशांना असत. ४ मिलिमीटर प्रमाणातही हे डोळ्यांना दिसते, आणि ते बरोबर असले की मार्ग कोणत्या बाजूने वाहता आहे हे गाडी नसतानाही कळते.

चेअरचा घाट कंपनीनुसार बदलत असे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या चेअर दोन आरपार बोल्टांनी बसवलेल्या असत आणि त्यांचे नट वर दिसत. इतरत्र तीन किंवा चार छिद्रांच्या चेअर होत्या, आणि जुन्या चेअर लोखंडी खिळे व लाकडी खुंट्या मिळून पक्क्या केलेल्या असत. हा फरक क्षुल्लक मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. मैलामागे हजारोंनी येणारा हा तपशील चुकला, तर तो इंजिनाच्या एखाद्या चुकीच्या दिव्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा चुकलेला असतो.

ग्रेट वेस्टर्नचा आरंभ मात्र पूर्णपणे वेगळा होता. तिचे अभियंते इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी ७ फूट ¼ इंच अंतराच्या मार्गासाठी रुळाखाली अखंड लांबट तुळया घातल्या, त्यांना ठरावीक अंतरावर आडव्या तुळयांनी बांधले आणि वर उलट्या पन्हळीसारखा पोकळ ब्रिज रूळ बसवला. १८३८ मध्ये उघडलेल्या पहिल्या टप्प्यात ही चौकट जमिनीत ठोकलेल्या खांबांना जखडली होती. खडी खचली तरी खांब खचेनात, त्यामुळे मार्ग त्यांच्यामध्ये झोळ खाऊ लागला आणि खांबांची कल्पना सोडून द्यावी लागली. तुळयांचा मार्ग मात्र टिकला. १८४६ च्या कायद्याने नव्या मार्गांसाठी ४ फूट ८½ इंचांचे माप ठरल्यावरही रुंद मार्ग मे १८९२ पर्यंत चालू होता. अखेरच्या रूपांतरात आडव्या तुळया कापून एक रूळ आत सरकवला गेला, त्यामुळे ब्रुनेल पद्धतीची चौकट प्रमाणित अंतराच्या मार्गाखाली आणखी काही काळ राहिली. रुंद मार्ग संपला म्हणजे तुळयाही संपल्या असे समजून केलेली प्रतिकृती इथे फसते.

इतर बदल एकेक करून आले. १८३८ मध्ये जॉन बेथेल यांनी लाकडात क्रिओसोट हे कुजणे रोखणारे तेल मुरवण्याचे पेटंट घेतले, आणि स्लीपरचे आयुष्य व रंग दोन्ही बदलले. १८४७ मध्ये विल्यम ब्रिजेस अॅडम्स यांच्या फिशप्लेटने, म्हणजे बोल्टांनी बसवायच्या जोडपट्टीने, रुळांची टोके एकमेकांना जोडली गेली. त्याआधी दोन्ही टोके एकाच रुंद चेअरमध्ये नुसती टेकवलेली असत. फिशप्लेटनंतर जोड दोन स्लीपरच्या मध्ये येऊ लागला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे स्लीपर इतरांपेक्षा जवळ आणले गेले. १८५७ मध्ये डार्बी स्थानकात पोलादी रूळ बसवण्यात आला. लोखंडी रूळ जेथे काही महिन्यांत निकामी होत, तेथे तो १८७३ पर्यंत टिकला. पोलादामुळे रूळ जड आणि लांब झाले, आणि विसाव्या शतकात ६० फुटांची लांबी रूढ झाली. स्लीपर मुख्यतः बाल्टिक प्रदेशातील लाकडाचे असत. त्यांची लांबी नऊ फूट होती, ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास साडेआठ फुटांवर आली. ४ मिलिमीटर प्रमाणात हा फरक ३६ आणि ३४ मिलिमीटर असा पडतो.

खडीबाबत तर जुन्या छायाचित्रांकडे पाहताना विश्वास बसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मोठ्या भागात स्लीपर दिसतच नसत. राख, वाळू, बारीक खडी किंवा हाताला येईल ते साहित्य रुळांच्या माथ्यापर्यंत भरलेले असे. या आच्छादनाने मार्ग जागेवर राहतो असे मानले जाई, पण पाचरी, चेअर आणि कुजलेले लाकूड तपासणाऱ्याच्या नजरेआड राही. शतकाच्या उत्तरार्धात स्लीपरचा माथा उघडा ठेवण्याची पद्धत पसरत गेली, तरी रेल्वेच्या यार्डांत जुनी पद्धत बराच काळ राहिली.

सांध्यांची, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या रुळांची, मांडणीही सुरक्षेच्या नियमांतून घडली. गाडी ज्या सांध्यावर समोरून येते तेथे ती भलत्या मार्गावर जाण्याचा धोका असल्यामुळे बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याचे निरीक्षक असे सांधे शक्य तितके टाळायला लावत, आणि १८७३ च्या विगन अपघातानंतर त्यांना कुलूप हवे हा आग्रह वाढला. म्हणूनच मालाच्या सायडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या फाट्यात, जाण्यासाठी गाडी पुढे नेऊन मागे ढकलावी लागे. प्रतिकृतीत गाडी सरळ सायडिंगमध्ये वळते तेव्हा ती रचना त्या काळातील राहत नाही.

या इतिहासातून अभ्यासकाने धरायची गोष्ट माझ्या मते एकच आहे: लोहमार्ग कधीही एका वयाचा नसतो. मुख्य मार्गावरून काढलेले रूळ शाखामार्गावर जात आणि तेथून सायडिंगमध्ये. १९१० सालच्या एकाच स्थानकात मुख्य मार्गावर जड पोलादी बुलहेड आणि माल धक्क्याजवळ काही दशकांपूर्वीचे हलके रूळ असणे अगदी स्वाभाविक होते. कंपनीचे त्या वर्षीचे प्रमाणित रेखाचित्र नवा मार्ग कसा टाकायचा ते सांगते, जमिनीवर काय पडून होते ते सांगत नाही.

म्हणून पुराव्यांची सांगड घालावी लागते. १८४० पासून बोर्ड ऑफ ट्रेडचे निरीक्षक नवा मार्ग उघडण्यापूर्वी तपासत आणि रुळाचे यार्डामागचे वजन, चेअर, स्लीपर व खडी यांची नोंद करत. हे अहवाल लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि एखाद्या छोट्या मार्गाच्या जन्माची इतकी नेमकी माहिती दुसरीकडे क्वचितच मिळते. गाडी रुळांवरून घसरल्याच्या अपघातांचे अहवाल तर एका विशिष्ट दिवसाची, एका विशिष्ट मैलावरची स्थिती देतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५०० प्रमाणाच्या नकाशांवर प्रत्येक मार्गाची रेषा आहे. छायाचित्रकाराचे लक्ष इंजिनावर असे, तरी छायाचित्राच्या खालच्या पट्टीत चेअरची छिद्रे आणि स्लीपरमधील अंतरे सापडतात. इंजिनाच्या ज्ञात लांबीवरून ती मोजताही येतात.

प्रत्यक्ष वस्तूंचा पुरावाही आहे. चेअरवर कंपनीची आद्याक्षरे आणि वर्ष ओतलेले असते, रुळाच्या उभ्या बाजूवर कारखाना, वर्ष आणि वजन उमटवलेले असते. १९४९ मध्ये ब्रिटिश रेल्वेने १०९ पौंडी सपाट तळाचा रूळ नव्या कामासाठी स्वीकारला, पण बुलहेड दुय्यम मार्गांवर कित्येक दशके राहिला आणि जतन केलेल्या रेल्वेंवर आजही मोजता येतो. तिथे मापे घेताना मात्र सावध राहावे लागते. हे मार्ग मिळेल तेथून आणलेल्या साहित्याने पुन्हा टाकलेले असतात, त्यामुळे एकाच रुळाखाली वेगवेगळ्या कंपन्यांच्या चेअर बसलेल्या आढळतात. चेअरचे माप तिथे भरवशाचे असते, तिची जागा मात्र नसते.