ख्रिस्ती धर्मविचारातील यहुदी लोक व वचनदत्त देश

अब्राहामाला आणि त्याच्या वंशाला कनान देश (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनचा प्रदेश) देण्याचे वचन देवाने दिले, असे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात सांगितले आहे. येशूनंतर हे वचन यहुदी लोकांकडेच राहिले की ख्रिस्तमंडळीकडे, म्हणजे येशूवर विश्वास ठेवणाऱ्यांच्या समुदायाकडे आले, हा ख्रिस्ती धर्मविचारातला सर्वांत जुन्या वादांपैकी एक वाद आहे.

येशूच्या संदेशाचा सुरुवातीचा प्रचारक पौल स्वतः यहुदी होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ९ ते ११) त्याने जैतुनाच्या झाडाचा दाखला दिला. झाड इस्राएलचे, म्हणजे यहुदी लोकांचे; परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले विश्वासणारे म्हणजे त्यावर कलम केलेली रानटी फांदी. कोकणात रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. पौलाचे कलम याच्या नेमके उलटे आहे, आणि ते निसर्गाविरुद्ध असल्याचे तोच म्हणतो. म्हणून फांदीने मिरवू नये, मूळच तिला धरून आहे, असे तो बजावतो. देवाचे पाचारण मागे घेतले जात नाही, हेही त्याच ठिकाणी येते.

फांदीने मात्र मिरवलेच. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती विचारवंताने ख्रिस्ती लोक हेच खरे इस्राएल असल्याचे मांडले. यहुद्यांची जागा ख्रिस्तमंडळीने घेतली, या मताला प्रतिस्थापनवाद म्हणतात. इ.स. ७० मधला यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस ही देवाने केलेली शिक्षा मानली गेली. यहुद्यांना मारू नये, पण त्यांनी पांगलेले राहून ख्रिस्ती सत्याची साक्ष द्यावी, असे प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनचे मत होते. प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरने तर १५४३ मध्ये त्यांची सिनेगॉग (प्रार्थनास्थळे) जाळण्याचा सल्ला दिला. या शिकवणीने किती पिढ्यांचे जगणे असह्य केले, हे विसरून या विषयाकडे पाहता येत नाही. जानेवारी १९०४ मध्ये यहुद्यांना त्या भूमीत परत वसवू पाहणाऱ्या झायोनवादी चळवळीचे नेते थिओडोर हर्झल पोपकडे पाठिंबा मागायला गेले, तेव्हा यहुदी आमच्या प्रभूला मानत नाहीत म्हणून आम्ही त्यांना मान्यता देऊ शकत नाही, असे उत्तर पोप दहावे पायस यांनी दिल्याचे हर्झल यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे.

प्रॉटेस्टंटांत एकोणिसाव्या शतकात वेगळा प्रवाह आला. जॉन नेल्सन डार्बी या धर्मप्रचारकाच्या मते इस्राएल आणि ख्रिस्तमंडळी यांच्यासाठी देवाच्या योजना वेगवेगळ्या आहेत. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधील टीपांमुळे हे मत अमेरिकेत घरोघरी गेले. यहुद्यांनी त्या भूमीत परतावे या चळवळीला धर्माच्या आधारे पाठिंबा देणाऱ्या ख्रिस्ती झायोनवादाला त्यातून मोठे बळ मिळाले.

कॅथलिक चर्च वळले ते नाझींनी केलेल्या संहारानंतर. पत्नी आणि मुलगी त्यात गमावलेले फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक जून १९६० मध्ये पोप तेविसावे जॉन यांना भेटले आणि यहुद्यांबद्दलची चर्चची शिकवण सुधारण्याची विनंती त्यांनी केली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने काढलेल्या ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात पौलाचे जैतुनाचे झाड पुन्हा आले. वचनदत्त देशाचा उल्लेख त्यात नाही. यहुद्यांचे त्या भूमीशी असलेले धार्मिक नाते समजून घ्यावे, पण इस्राएल राष्ट्राचा विचार आंतरराष्ट्रीय कायद्यानेच करावा, असे व्हॅटिकनने १९८५ मध्ये स्पष्ट केले; इस्राएलशी राजनैतिक संबंधांची वाट डिसेंबर १९९३ च्या कराराने खुली झाली.

त्याच भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांना हे सर्व वाद आपल्या घरादाराचे वाटतात. त्यांच्या २००९ च्या ‘कैरोस पॅलेस्टाइन’ निवेदनानुसार भूमीचे वचन हा कधीच राजकीय कार्यक्रम नव्हता; ती सर्व मानवजातीच्या तारणाची नांदी होती.