यूएसबीचा ईएसडी डायोड आणि 'वेगळं ग्राउंड'

भोसरी-चाकणच्या डिझाइनवाल्यांत एक समज पक्का बसलाय, की बोर्डवर एडीसी (ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणारा चिप) असेल तर यूएसबीच्या डेटा लाइनवरच्या ईएसडी डायोडचं (स्थिर विजेचा झटका ग्राउंडला वळवणाऱ्या डायोडचं) ग्राउंड वेगळं काढायचं आणि फेराइट बीडमधून (वेगानं बदलणारा करंट अडवणाऱ्या छोट्या भागातून) मेन ग्राउंडला जोडायचं, म्हणजे झटका ॲनालॉगकडे जात नाही. ऐकायला झकास, पण उलटंच होतं.

आयईसी ६१०००-४-२ या स्थिर विजेच्या टेस्टमध्ये ८ केव्हीचा झटका थेट टेकवून दिला, तर पहिला पीक साधारण ३० अँपिअरचा असतो, तोही नॅनोसेकंदाच्या आत चढतो. ट्रेसचं (बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीचं) इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला होणारा विरोध, मिलिमीटरला ढोबळ १ नॅनोहेन्री धरा, म्हणजे डायोडपासून ग्राउंडपर्यंत नुसती ५ मिमी बारीक ट्रेस असली तरी तिच्यावर दीडशे व्होल्ट पडतात, आणि तुम्ही त्यात वर बीड टाकताय! मग डायोडच्या ग्राउंडचा व्होल्टेज उचलला जातो, सोबत डी प्लस, डी मायनस या डेटा लाइनचाही, आणि फटका खातो यूएसबीचा चिप, कारण त्याचं ग्राउंड आहे तिथंच आहे. डेटाशीटमधला क्लॅम्पिंग व्होल्टेज (डायोड झटका जिथं रोखतो तो व्होल्टेज) मग कागदावरच राहतो.

म्हणून डायोड कनेक्टरला चिकटून, डेटा ट्रेस त्याच्या पॅडवरूनच पुढे, आणि ग्राउंड पॅडला लागून दोन-तीन व्हाया (थर जोडणारी भोकं) थेट सलग प्लेनमध्ये (ग्राउंडच्या अखंड तांब्याच्या थरात). एडीसी लांब ठेवा, प्लेन कापू नका. मेटल बॉक्स असेल तर कनेक्टरचं शेल (धातूचं आवरण) तिथंच बॉडीला टेकवा. आणि हो, बुधवार पेठेत मिळेल तो टीव्हीएस (म्हणजे हाच ईएसडी डायोड) लावू नका, यूएसबीच्या ४८० एमबीपीएस वेगाला कपॅसिटन्स १ पिकोफॅरडच्या आतच बरा.